खिंडीतलं मीठ

लोकांना डोंगर फिरवून आणणाऱ्या या गड्याला सगळे शीळमामा म्हणायचे. खिंडीत पोचलं की मामा दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचे आणि कड्यावरून रानबकऱ्या भराभर खाली यायच्या. पाहुणे बघतच राहायचे. आता यात जादू कसली? मामा अधूनमधून एकटेच वर येऊन सपाट दगडावर मीठ पसरायचे आणि तेव्हाही हीच शीळ घालायचे. पण हे सांगतील ते मामा कसले. "जनावराला माणूस कळतो," एवढं बोलून मिशीतल्या मिशीत हसायचे.

यंदा लेक जावयाला घेऊन आली. बापाचं कौतुक सांगून सांगून तिनं सासरच्यांचे कान किटवले होते. मामांनी जावयाला ओढ्याकाठचा कोल्हा दाखवला, घिरट्या घालणारा गरुड दाखवला, धुकं हटल्यावर खालची दरी दाखवली. "हे काहीच नाही जावईबापू, खरी गंमत पुढंच आहे," असं म्हणत ते स्वतःच स्वतःला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते.

खिंडीत शीळ घुमली. वरून एकटं करडू उतरलं. मिठाच्या दगडापाशी तारेचा फास पडला होता. तारेला केस चिकटलेले, दगडावर वाळलेलं रक्त.

बाजारातल्या हॉटेलात बसून फुशारकीच्या भरात मामांनीच ही शीळ सगळ्यांना घालून दाखवली होती, वर शिकवलीही होती. शिकाऱ्याला पळावंसुद्धा लागलं नसेल.

करडू सरळ येऊन मामांच्या खिशात तोंड खुपसू लागलं. खिशातलं मीठ सांडलं. जावयानं नजर दुसरीकडे वळवली.

"मिठाचं मला लहानपणापासून माहितीय, बाबा," लेक म्हणाली. "डबा रिकामा बघून आई किती करवादायची. पण हा फास कुणी लावला?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लावला दुसऱ्यानं," ते खाली बघत म्हणाले. "पण माणसाच्या हाकेला यायची सवय मी लावली. मिरवायला हवं होतं ना मला."

त्यांनी करडाला ढकललं. ते परत आलं. काठी आपटली, तर खेळ समजून उड्या मारू लागलं. शेवटी मामांनी दगड उचलला.

"बाबा, नको ना."

"भ्यायला शिकू दे त्याला."

दगड पायावर बसला. करडू लंगडत कड्याशी गेलं आणि तिथंच थांबून मामांकडे बघत राहिलं. मामांनी दुसरा दगड उचलला.