शेजारच्या सीटचं मॅट

आमच्या पिकअपमध्ये फुलांच्या पोत्यांपेक्षा किस्सेच जास्त भरलेत! नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावातले आम्ही तिघं झेंडूवाले. अमरावतीच्या बाजारात एकाच गाडीनं फुलं नेतो. गाडी विनायकची, चालवायचाही तोच. शेजारच्या सीटवर मी, अन् मागे पोत्यांवर दादारावकाका. गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर काका नेमके घरी राहिले आणि त्याच दिवशी समोरून ट्रक अंगावर आला. गाडी नाल्यात उलटली. विनायकची मांडी मोडली, मला साधं खरचटलंही नाही. किस्से तेव्हापासूनचे.

*

अकोल्याच्या दवाखान्यात त्याच्या पायात रॉड टाकला. आम्ही भीत भीत भेटायला गेलो, तर हा अख्ख्या वॉर्डाला हसवत होता! "गाडी आडवी झाली, मंग मी एकटा उभा राहून काय करू?"

सिस्टरसुद्धा हसल्या. काका म्हणाले, "वाघाचं काळीज हाय पोट्ट्याचं!" आम्ही निर्धास्त होऊन घरी आलो. चुकलो ते तिथंच.

*

तीन महिन्यांनी कुबड्या सुटल्या. आम्ही पेढे वाटले! त्याच आठवड्यात बाजारात मागून एका ट्रकचा प्रेशर ब्रेक फुसकन वाजला आणि विनायक पोत्यांमागे डोकं धरून बसला.

सगळे हसले. मीही हसलो. तो उठला तेव्हा भर थंडीत त्याचा शर्ट घामानं चिंब होता. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

पावसाळ्यात झेंडू लावायची वेळ आली, तर यानं वावरात गोबी लावली! मी विचारलं, "कावून रे?" तर अंगावरच आला. "माह्यं वावर, माह्यी मर्जी!"

त्याच्या बायकोनं, शोभावहिनींनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, देवाले हार आणला तरी हे बाहेर जाऊन बसतेत. वासच सहन होत नाई." नाल्यात त्याच्या अंगावर झेंडूचीच पोती फुटली होती.

शेवटी अमरावतीच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हाड जुळलं, पण मनाचा मार उशिरा वर येतो. हळूहळू कमी होईल, मधेच उसळेल, पुन्हा कमी होईल."

काकांनी मान डोलावली. "मंजे मलेरियावानी!"

डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा."

*

या सगळ्या काळात गाडी मी चालवायचो. विनायक शेजारी, फुलांचा वास नको म्हणून काच पूर्ण खाली करून. समोर साधी बकरी आली तरी माझ्याआधी त्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा, तिथं ब्रेक नसताना! दाबून दाबून त्या बाजूच्या रबरी मॅटला भोक पडलं.

मी म्हटलं, "विनायक, तुह्या ब्रेकचं ऑइल बदलावं लागते!" किती दिवसांनी हसला तो. मग दाबणं कमी कमी होत गेलं. मला वाटलं, सुटलो! पण दसरा जवळ आला आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू. हा आता कधीच स्टेअरिंगवर बसणार नाही, या भीतीनं मी धास्तावलो. गाडी चालवणं हाच तर त्याचा जीव होता.

*

दसऱ्याला साऱ्या अमरावतीच्या गाड्यांना आमच्या झेंडूचे हार. आमच्या पिकअपला मात्र हार घालायची कोणाची हिंमत होईना. विनायकनंच काकांच्या हातातला हार ओढून घेतला, नाकाशी धरला. डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मग हार बॉनेटला बांधला आणि मला म्हणाला, "सरक तिकडं."

अपघातानंतर मी पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसलो. त्यानं गिअर टाकला. रस्ताभर मीच बडबडत होतो, "मस्त चालवून राहिला! घाबरू नको! मी हाओ ना!" तो नाला आला. त्यानं गाडी हळू केली, ओठ घट्ट मिटले आणि नाला पार केला.

बाजारात गाडी लागली. काकांनी अर्धी पोती उतरवलीसुद्धा. माझं आपलं चालूच, "जमलं रे विनायक! सुटला तू!"

त्यानं किल्ली काढली. माझ्या पायांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, गाडी कवाची थांबली. पाय उचल आता."