सात मालकांच्या सह्या

वुलातियानाच्या दारावर थाप पडली तेव्हा मी, तिची शेजारीण, तिच्याच स्वयंपाकघरात होते. पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या खरपुडीवर तिनं पाणी ओतलं होतं, ते उकळलं की प्यायचं म्हणून बसले होते. तिची आई बाकुली खिडकीशी टकळीवर रेशीम कातत होती. तिच्या डोळ्यांवर पडदा आलाय, बोटांना मात्र अजून सगळं दिसतं.

आमच्या अंत्सिराबे गावच्या या आळीत थाप कुणी मारत नाही, "येऊ का?" म्हणून हाक मारतात. त्यामुळे परका माणूस, हे आम्ही आधीच ओळखलं. संशोधनाला पैसे देणाऱ्या एका परदेशी संस्थेचे राजधानीतले साहेब आले होते, राझाओनेरा.

वुला एकोणतीस वर्षांची. मागाखाली रांगत मोठी झाली. कॉलेजात आपल्या देशाच्या कलेचा इतिहास शिकायला गेली, तर पुस्तकभर राजवाडे आणि लाकडी खांब, बायकांनी विणलेलं रेशीम अर्ध्या पानात आटपलेलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच आहे: इकडच्या विणकरणींपैकी कुठली किनार कुणाच्या हातची, ते लिहून काढायचं. बसमध्येसुद्धा पुढच्या बाईच्या शालीचे धागे मोजत बसते. आता जुनं रेशीम काही कपाटात नसतं, ते पितरांच्या अंगावर असतं. दर सात वर्षांनी हिवाळ्यात, म्हणजे इकडे ऑगस्टात, कबर उघडायची, त्यांना बाहेर आणून मांडीवर घ्यायचं, नवं रेशीम गुंडाळायचं. जुनं काढत नाहीत. वरचं विरलेलं असतं तिथून खालच्या किनारी दिसतात, दोन दिवसांच्या कार्यात जेमतेम अर्धा तास. आणि त्या ओळखणारी आता एकटी बाकुली उरलीय. तिची नजर पुढच्या सात वर्षांना पुरायची नाही. कबर या ऑगस्टात उघडणार.

म्हणून वुलानं अर्ज केला होता. नव्या संशोधकांची मदत पदवीनंतर पाच वर्षांच्या आतच मिळते, आणि तिचं हे पाचवं. मागितलं काय, तर ती शिकवते त्या शाळेच्या तासांतून वर्षभर सुटका आणि दोन दिवसांपुरता एक मदतनीस.

"अर्ज उत्तम आहे हो," साहेब म्हणाले आणि बशीतला धुरावलेल्या मांसाचा तुकडा न विचारता उचलला. "फक्त 'वस्तूंचे मालक' या रकान्यात तुम्ही सात नावं लिहिलीत. सातांच्याही सह्या लागतील."

बाकुलीची टकळी थांबली. मग ती खो खो हसत सुटली. "घ्या की! ऑगस्टात या, शाई घेऊन या. माझी सासू मात्र अंगठेबहाद्दर हं."

"म्हणजे?"

"ती सगळी वारलीत, साहेब," वुला म्हणाली. "ज्याच्या अंगावर कापड, त्याचं ते. दुसऱ्या कुणाचं नाव लिहिणार मी?"

"अहो, मग सोपंच झालं! वारस तुम्ही. करा सही." त्यांनी खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी आणि कात्री काढली, आणि भाताच्या ताटलीला लागून ठेवली. "तळहाताएवढा तुकडा. रंग तपासायला. समितीला हातात काहीतरी लागतं, नुसती चित्रं कोण बघतं?"

"आजीला थंडी वाजेल," वुला म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. आजी, म्हणजे बाकुलीची सासू, बाकुलीच्या स्वप्नात येऊन "गारठलेय गं" म्हणाली, म्हणून तर यंदाची सगळी तयारी.

"शिकलेल्या ना तुम्ही?" साहेब हसले आणि मोबाइल पुढे केला. "हे बघा. शेजारच्या जिल्ह्यातल्या एकानं किती सहज दिलं. त्या बदल्यात परदेशवारी करून आला तो."

काचेच्या चौकटीत कापडाचा तुकडा, खाली 'नमुना चार'. मधोमध तपकिरी डाग. वुलानं फोटो मोठा केला.

"हा डाग कसला?"

"जुनं आहे ना ते."

"हे कुणाचं तरी अंग आहे, साहेब. तुम्ही ते भिंतीला टांगलंत."

मला शिसारी आली, डागाची नाही, तर त्याच मोबाइलवर बोट फिरवून पुन्हा मांसाला हात घालणाऱ्या त्या माणसाची. आणि काचेपुढे उभं राहून वा वा करणाऱ्यांचीही. बायकांच्या कामाची कदर करायला निघालेले लोक! कबरीतल्या बाईला उघडं पाडून तिच्या अंगावरच्या विणीचं कौतुक करतात.

"पोरी," बाकुली म्हणाली, "ती कात्री उचल. फडक्यानं उचल. ज्याची त्याला दे."

वुलानं कात्री दिली. मग अर्ज ओढून घेतला आणि सह्यांच्या जागी लिहिलं: मालकांनी कापायची परवानगी दिलेली नाही.

"हे असं गेलं तर नामंजूर होणार, आताच सांगतो."

"होऊ दे."

"पुढच्या वर्षी तुम्हाला अर्जही करता येणार नाही."

"माहितीये मला."

ते गेल्यावर उरलेलं मांस बाकुलीनं कुत्र्याला घातलं. वुला टेबल घासत बसली, साबण लावून, राख लावून, पुन्हा साबण लावून. खरपुडीचं पाणी निवून गेलं, मला ते प्यावंसं वाटेना.

बऱ्याच वेळानं तिनं फडकं पिळलं.

"मावशी, ऑगस्टात दोन दिवस येशील का? मी चित्रं काढीन, आई किनारी बघून नावं सांगेल. ती सांगेल ते लिहून घ्यायला कुणीतरी हवंय."