छाती नको, दाढीबी नको

‘शर्ट काढ.’

काढला. आत बांधलेली पट्टीबी सोडली. डॉक्टरनं खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकानं माझी छाती उचलून बघितली. हातानं न्हाय, पेनानं. रस्त्यावर मरून पडलेलं काहीतरी काडीनं उलटं करून बघत्यात तसं. मागं दोन शिकाऊ डॉक्टर उभे व्हते. ते कधी आत आले मला कळलंच न्हाय. डॉक्टर त्यांना म्हणाला, ‘बघा. सगळं नॉर्मल आहे. आणि हिला हे काढून टाकायचंय.’

त्यातला एक दुसऱ्याच्या कानात कन्नडमधी म्हणाला, ‘हुडुगनो, हुडुगियो?’ पोरगा का पोरगी. दोघं फिसकन हसले. त्यांना वाटलं मला कळत न्हाय. अरे, सीमेवरच्या वडगावात वाढलोय मी, मला शिव्याबी दोन्ही भाषेत येत्यात. पण त्या वक्ताला एकबी आठवली न्हाय. नुसता उभा. उघडा.

थांबा, आधीचं सांगतो. माझं वय चोवीस. घरात पॉवरलूम, साड्या विणतो आम्ही. बारावीपासनं मी मागावरच व्हतो. ज्युनिअर कॉलेजात असताना छाती बांधायला लागलो, जुन्या साडीचा काठ फाडून, गच्च आवळून. शेडातला उकाडा, वर ती पट्टी. बरगड्या ठणकायच्या, कातडी सोलून निघायची, श्वास अर्ध्यातच अडकायचा. तरी सोडायचो न्हाय. सोडली की खाली बघायला नको वाटायचं.

मला पुरुष व्हायचं न्हाय. बाई म्हणून ऱ्हायचं न्हाय. हे वाचून तुमच्यातले निम्मे हसत असतील. हसा. मी लहानपणापासनं ऐकतोय हे हसणं.

आणि मी काय उठून असाच गेलतो व्हय? फोनवर वाचून वाचून सगळं पाठ झालतं. कुणी छाती पार सपाट करून घेतंय, कुणी नुसती कमी करून घेतंय. कुणी गर्भाशय काढतंय, कुणी तिकडं हातबी लावू देत न्हाय. कुणी हार्मोनची इंजेक्शनं घेतंय, कुणी घेत न्हाय, आणि छातीच्या ऑपरेशनला ती घ्यायलाच पाहिजेत असं काय न्हाय. ज्याला जे पाहिजे ते. मला एकच पाहिजे व्हतं. छाती सपाट. बास.

निपाणीचा माझा एक दोस्त हाय. घरच्यांनी पोरगी म्हणून वाढवलेला, पण तो पुरुष हाय, त्यानं छातीचं ऑपरेशन करून घेतलंय. त्यानं आधीच सांगितलतं, ‘सरळ पुरुष हाय म्हण रं. मधलं काय बोलू नको. मधलं कुणाला कळत न्हाय.’

मी मधलंच बोललो.

डॉक्टर म्हणाला, ‘पुरुष व्हायचंय का तुला?’

‘न्हाय.’

‘मग बाई आहेस.’

‘तसंबी न्हाय.’

‘मग काय, फिफ्टी-फिफ्टी? बेकरीतलं बिस्कीट आहेस?’

पोरं परत हसली. मी शर्ट अंगावर ओढला. बटणं लागंनात.

मग त्यानं काय केलं म्हाईत हाय? दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या माझ्या आक्काला आत बोलावलं. मला विचारलं न्हाय. आक्काला मी सांगितलतं की छातीत गाठ हाय का ते बघायचंय. लग्न झालेली माझी थोरली बहीण, सदलग्याहून मुद्दाम आलती, माझ्या काळजीनं. डॉक्टर तिला म्हणाला, ‘गाठबीठ काही नाही. तुमच्या बहिणीला छाती कापून हवीय. लग्न लावा हिचं. एक मूल झालं की डोकं ठिकाणावर येतं.’

आक्का माझ्याकडं बघतच ऱ्हायली. मग हळू म्हणाली, ‘आमची इज्जत घालवायला आणलीस व्हय गं मला हितं?’

तिला काय बोलणार? सोडलेली पट्टी मुठीत गोळा केली.

डॉक्टर खुर्चीत रेलला. आवाज एकदम गोड. ‘हे बघ, मी वाईट माणूस नाही. तू पुरुष आहे म्हण, मी काम सुरू करतो. आधी इंजेक्शनं. आवाज फुटू दे, दाढी येऊ दे. मग छाती, मग गर्भाशय. सगळं व्यवस्थित करून देतो. पण हे अधलंमधलं माझ्याकडं चालत नाही.’

एक शब्द बोलायचा व्हता. एकच. खरं सांगतो, तोंडापर्यंत आलता. ती पट्टी माझ्या मुठीत व्हती, घामानं भिजलेली, आणि वाटलं म्हणून टाकावं, सुटावं. मग डोळ्यासमोर आलं. त्यानं दिलेला आवाज. त्यानं दिलेली दाढी. परत कुणाचं तरी अंग घेऊन मी मागावर उभा. आत्ताचं बाईचं सोंग काय कमी झालंय?

‘दाढी नको,’ मी म्हटलं. ‘मी पुरुष न्हाय. आणि ह्या पोरांना आत आणायच्या आधी मला विचारलासा का?’

‘ए, आवाज खाली.’

मी आवाज वर केला. दार उघडंच व्हतं. बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं मान वळवून बघायला लागली. बघू दे. ‘मला न विचारता माझं अंग दाखवलासा. मला न विचारता घरच्यांना सांगितलासा. शिकलेली माणसं न्हवं तुम्ही?’

डॉक्टरनं शिपायाला हाक मारली. शिपायानं दंडाला धरलं, मी झटकलं, स्वतःच्या पायानं बाहेर आलो.

बसमधी आक्का पुढं बसली, मी मागं. उतरल्यावर एवढंच म्हणाली, ‘आप्पांना मी सांगते.’

तिला सांगू दिलं न्हाय. घरात पाय टाकल्या टाकल्या मीच सांगितलं. आप्पांनी माग बंद केला. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. ‘कापडं उचल आणि नीघ.’ आई चुलीकडं तोंड करून बसली ती उठलीच न्हाय.

आता निपाणीत दोस्ताच्या खोलीवर हाय. मोबाईलच्या दुकानात बसतो. दोस्त अजून म्हणतो, एक शब्द बोलला असतास तर मोकळा झाला असतास. त्याच्यासाठी तो शब्द खरा हाय. माझ्यासाठी न्हाय.

त्या डॉक्टरवर तक्रार दिलीय, माझ्या नावानं, तोंड न झाकता. काय व्हणार न्हाय म्हणत्यात सगळी. न व्हईना का. आणखी एका डॉक्टरनं फोनवरच न्हाय म्हणून सांगितलं. आता बेंगळूरात एकाचा नंबर लावलाय. तिथं पहिल्याच वाक्यात सांगणार, छाती सपाट पाहिजे, बाकी कशाला हात लावायचा न्हाय. जमत असंल तर करा, न्हायतर मी उठतो. त्यानं हाकललं तर दुसरा शोधीन, त्यानं हाकललं तर तिसरा. पण कुणाच्याबी टेबलासमोर बसून मी पुरुष म्हणणार न्हाय, आणि बाईबी म्हणणार न्हाय.