आधी जुन्या बाटल्या

आमच्या घरात ताजी पोळी हवी असेल तर आधी कालची संपवावी लागे. आईचा हा नियम दिवाळीच्या चकल्यांनाही लागू होता. "ताज्याची पाळी येईपर्यंत तेही शिळं होतं," असं म्हणून दादा तिला चिडवायचा आणि माझ्या ताटातली शिळी पोळी मुकाट्याने उचलून स्वतः खायचा.

आम्हा दोघा भावांना जन्मापासून एकच दुखणं होतं. रक्त गोठायचं नाही. नुसता गुडघा आपटला तरी आत रक्त साचून तो नारळाएवढा सुजायचा, की निघालो वाशीहून खाडीपूल ओलांडून मुंबईच्या इस्पितळात. पुढे मामा जर्मनीत नोकरीला लागला आणि सुट्टीवर येताना औषधाच्या बाटल्या आणू लागला. त्यांत माणसांच्या रक्तातून काढलेली पांढरी पूड असे. पाण्यात विरघळवून शिरेत टोचली की रक्त थांबे. सेक्टरमधले डॉक्टर घरी येऊन टोचून जात. फ्रिजमध्ये लोण्यापेक्षा त्या बाटल्यांचा मान मोठा.

पंच्याऐंशी साल असेल. या खेपेला मामाच्या बाटल्या वेगळ्या होत्या.

"ही पूड आता तापवून देतात. कावीळबिवीळ होऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"दुधासारखी?" आईने विचारलं.

"तसंच समज."

"मग आधीच्या उरल्यात त्यांचं काय?"

"त्यांचं कोणी काही बोललं नाही गं, ताई."

आईने जुन्या बाटल्या पुढे लावल्या, नव्या मागे. टाकायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एवढ्या मिनतवारीने मिळालेलं औषध कोण टाकेल?

त्यानंतर आधी गुडघा सुजला तो माझा. म्हणजे जुनी बाटली माझ्या वाट्याची. डॉक्टरांनी ती उचलली तेवढ्यात दादा कॉटवरून म्हणाला, "त्याला मागची द्या. जुन्या मी संपवतो. मला शिळ्याची सवय आहे." आई हसली. मीही हसलो.

एक-दोन वर्षांनी, रक्तातून आणि न तापवलेल्या पुडीतूनही पसरणाऱ्या त्या नव्या रोगाची रक्ततपासणी आमच्यापर्यंत पोचली. माझं रक्त स्वच्छ निघालं, दादाचं नाही. जुन्या बाटल्या आधी मीही घेतल्या होत्या. रोग नेमका कुठल्या बाटलीतून आला ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना नसेल सांगता येत. मला मात्र फ्रिजमधली ती पुढची रांगच दिसते, आणि अपराधी वाटायचं काही थांबत नाही.

नव्वद साल उजाडायच्या आत दादा गेला.

आम्ही दोघं त्या रांगेबद्दल कधी बोललो नाही, आई आणि मी. ती रोज मला तव्यावरची पोळी वाढते. कधीतरी मी कालची मागतो.

"कालचं मी ठेवत नाही," ती म्हणते, आणि माझ्या ताटात आणखी एक गरम पोळी टाकते.