आडवी झाडं

ओन्नी कांगास मे महिन्यात गेला. घरात, अंथरुणात, पायांत लोकरी मोजे घालून. बेअर लेकवर जन्म काढलेल्या माणसाला असं मरण मिळणं सोपं नाही. त्याच्या दोन मामांना तळ्याने ठेवून घेतलं होतं. ओन्नी तळ्याला मिळाला नाही, कारण तो त्याला घाबरायचा, आणि ते कुणापासून लपवायचा नाही.

"भित्रा म्हणा," तो म्हणायचा. "भित्र्याचे बूट कोरडे असतात."

तरी दर हिवाळ्यात बर्फावर पहिलं पाऊल त्याचंच पडायचं. हातात पहार, गळ्यात दोरीला बांधलेले दोन खिळे, लाकडी मुठींचे. पाण्यात गेलात तर ते बर्फाच्या काठात रुतवून स्वतःला वर ओढायचं. पुढे पाऊल टाकण्याआधी पहार. पहार आदळली की तो थांबून ऐकायचा. चांगला बर्फ ऐरणीसारखा वाजतो, कुजलेला भिजल्या लाकडासारखा. एका घावात पाणी आलं तर मागे फिरायचं, आल्याच पावलांवरून. कडाक्याच्या थंडीतही त्याची मान घामेजलेली असायची. तो घाम श्रमाचा नव्हता.

नाताळ सरला की गावातल्या घरांत सजवलेली झाडं बाहेर पडत. ती गोळा करून ओन्नी किनाऱ्यापासून तळ्यातल्या बेटापर्यंत बर्फावर रोवायचा. वारा सुटून बर्फ उडू लागला की माणसाला स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. एका झाडाजवळून पुढचं झाड दिसलं, तरच घर गाठता येतं. आणि रोवायचं म्हणजे नुसतं खोचायचं नाही. गिरमिटाने भोक पाडायचं, त्यात बुंधा घालायचा, भोवती पाणी आणि बर्फाचा चुरा भरायचा, आणि ते गोठेपर्यंत झाड धरून उभं राहायचं. धरायला त्याची बायको लेम्पी असायची.

"लोक बायकोला नाचायला नेतात. हा झाड धरायला आणतो."

"हलू नकोस. तिरकं होतंय."

मी खाणीत छताला लाकडी टेकू लावण्यात हयात घालवली. उभं केलेलं लाकूड मला कळतं. ओन्नीचं झाड मी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आहे. हललं नाही.

आमच्याकडे एक रीत होती. बर्फावर पडलेलं झाड दिसलं की जाणाऱ्याने ते उभं करायचं. उद्या त्याच झाडाच्या आधाराने तुम्हीच घरी येणार असता. दुसरीही एक रीत होती. ओन्नीने झाड तोडून आडवं टाकलं की तो रस्ता बंद. दोन्ही रीती आमच्याच. त्या एकमेकींच्या आड येतील हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा फेब्रुवारीच्या अखेरीस पाऊस झाला, मग वादळ, मग पुन्हा थंडी. लेम्पी आदल्या दिवसापासून बेटावर बहिणीकडे होती, मासे धरायला. दुपारी स्नोमोबाइलवरून, बर्फावर धावणाऱ्या इंजिनच्या गाडीवरून, परतणार होती. बेटावर फोन नव्हता. सकाळी ओन्नी पहार घेऊन घशापर्यंत गेला. किनाऱ्याचं टोक आणि बेट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेला आम्ही घसा म्हणतो. तिथे प्रवाह बर्फाला खालून खातो. वरून काही दिसत नाही. पहार एका घावात पार गेली.

टोकाबाहेरून लांबचा वळसा घेऊन तो पलीकडे गेला. वळशावरचा बर्फ ऐरणीसारखा वाजत होता. घशाच्या दोन्ही तोंडांची झाडं त्याने बुंध्याशी तोडून आडवी टाकली. बेटावर जाऊन सांगायची गरज नव्हती. आडव्या झाडाचा अर्थ लेम्पीला सांगावा लागत नाही. वळशावर रोवायला नवी झाडं न्यायला तो किनाऱ्यावर परत आला. मी झाडं बांधायला मदत केली. तेवढ्यात बर्फ पडू लागला, म्हणून आम्ही घाटाजवळच्या त्याच्या खोपटात शिरलो. शेगडीवर कॉफी होती.

दार उघडून सुलो पेल्टो आत आला. आमचा शेजारी. मनाचा चांगला, तोंड कधी बंद नसायचं. अंगावर बर्फ, हातात स्की.

"ओन्नी, कॉफी पाज बाबा. आणि साखर दोन चमचे घाल, कमावलीय मी आज."

"काय केलंस?"

"तुझी झाडं वाऱ्याने मोडून पाडली होती की. घशातली. एकूणएक उभी करून आलो. कंबरडं मोडलं माझं."

ओन्नीने किटली शेगडीवर परत ठेवली. "कुठली झाडं?"

"घशातली म्हणतोय ना. काय लेका, आभार मानायची पद्धत नाही का तुमच्या घरात?"

"तू घशातून आलास?"

"मग काय उडत आलो? स्कीवरून. कसं मस्त सपाट..." सुलो थांबला. ओन्नीचं तोंड त्याने तेव्हा पाहिलं. "अरे, वाऱ्यानेच पाडली होती ना? ओन्नी?"

ओन्नीने पहार उचलली होती. मी दोर घेतला.

स्कीच्या लांब फळ्यांवर माणसाचं वजन पसरतं. स्नोमोबाइल, मागे माशांची घसरगाडी आणि वर एक बाई, हे वजन पसरत नाही.

बाहेर आभाळ आणि तळं एक झालं होतं. घशातून जाता येत नव्हतं, म्हणून वळसाच घ्यावा लागला. वळशावर अजून एकही झाड नव्हतं. सकाळची पावलं बुजली होती. ओन्नी पुढे, मी दोराच्या दुसऱ्या टोकाला. पाठ दिसत नव्हती, फक्त दोर बर्फाच्या धुरात शिरलेला. पहार, पाऊल. पहार, पाऊल. इतर वेळी मी त्याला म्हातारी म्हणून चिडवलं असतं. त्या दिवशी पहारेचा आवाज जरा लांबला तरी मी दोर चाचपून पाहायचो. घाई करावीशी वाटत होती, आणि घाई केली तर तिघंही जाणार होतो. त्याने एकही घाव चुकवला नाही. बायको पलीकडे असताना एकही नाही.

मग इंजिन ऐकू आलं. दूर, बेटाच्या बाजूने. एकसारखी घरघर, झाडामागून झाड घेत येणारी.

"लेम्पी!" ओन्नी ओरडला. "थांब! लेम्पी!"

वारा आमच्या तोंडावर होता. आवाज आमच्याच मागे जात होता. त्याने पहार दणादण बर्फावर आपटली. इंजिनपुढे ती कुणाला ऐकू जाणार? घरघर वाढत गेली, घशाच्या बाजूला सरकली.

आणि एकदम बंद पडली.

दोर सैल झाला. ओन्नी उभा राहिला होता. मीही. वारा होता, बाकी काही नव्हतं. खाणीत छत कोसळल्यावर अशी शांतता मी ऐकली होती. त्यानंतर माणसं हाका मारतात, किंवा मारत नाहीत. आम्ही हाक मारली नाही. उत्तर आलं नाही तर काय, याची भीती होती.

मग ठक् झालं. बारीक, लांबून. थोड्या वेळाने पुन्हा ठक्. लोखंड बर्फावर.

"तिची पहार," ओन्नी म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा ती घशाच्या तोंडाशी होती. स्नोमोबाइल मागे उभी, पुढचा बर्फ तपासत तिने एक भोक पाडलेलं. त्यातून काळं पाणी वर येत होतं. शेजारचं झाड वाऱ्याने डोलत होतं. बुंध्याला फक्त बर्फाचा ढीग लावलेला.

"हे कुणी रोवलं?" तिने विचारलं. "डोलतंय बघ. तुझं झाड कधी डोलतं का? म्हटलं, काहीतरी गडबड आहे."

"सुलोने."

"वाटलंच. पेल्टोंच्या घरचं टेबलसुद्धा लंगडं आहे."

ओन्नी हसला नाही. तो बर्फावर बसला, पाय दुमडून, पोतं टाकल्यासारखा. पहार सोडता येईना. लेम्पीने हातमोजे काढून त्याचं एकेक बोट उकललं.

"ऊठ," ती म्हणाली. "बूट भिजतील."

तेव्हापासून बंद रस्त्याची झाडं बर्फावर ठेवत नाहीत. किनाऱ्यावर ओढून आणतात. ते काम सुलोने मागून घेतलं, पाठ मोडेपर्यंत केलं, आणि त्याबद्दल कधी कॉफी मागितली नाही. घशाजवळ आला की त्याचं तोंडही बंद व्हायचं.

आता झाडं लेम्पी रोवते. धरायला मी जातो.

"हलू नकोस," ती म्हणते. "तिरकं होतंय."

कधी कधी दूर कुठेतरी बर्फ तडकतो, आणि तो आवाज आमच्या पायांखालून तळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तो संपेपर्यंत आम्ही कान देऊन ऐकतो. मग ती पहार उचलते, पुढच्या झाडाकडे.