पडक्या घराचं सारवण

पुराचं पाणी ओसरलं तेव्हा आमच्या घराची मागची भिंत पार आडवी झाली होती आणि आढं एका अंगाला कललं होतं. पुढची भिंत आणि ओटा तेवढा धड राहिला. आई आणि मी चुलत्यांच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. घरातला चिखल वाळायच्या आत ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोटीस हजर. ज्या घरात पाठ टेकायची सोय नाही, त्याची पट्टी! माझं डोकंच फिरलं.

माफीचा अर्ज मीच केला. भूम शहरातल्या नोकरीतून रजा काढून चकरा मारल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी पंचनाम्याची प्रत अपुरी, कधी फोटोच नीट दिसत नाही. शेवटी ग्रामसेवक स्वतः घर बघणार आणि मगच माफीचं ठरणार, असं झालं.

त्या दिवशी एसटीतून उतरून मी धावतच घरी आले. बघते तर दारात सडा-रांगोळी, उंबऱ्याला हळदीकुंकू, आत देवापुढं दिवा. ताज्या सारवलेल्या ओट्यावर ग्रामसेवक चहा पीत बसलेले.

"मॅडम, घर तर झ्याक ठेवलंय की," ते म्हणाले. "इथं कोण राहत न्हाय म्हणून कसं लिहू?"

"आधी मागं चला, मागं बघा!" मी ओरडलेच.

मागच्या चिखलात बूट भरतील म्हणून त्यांनी कोपऱ्यावरूनच मान लांब केली. तरी बूट भरलेच. तसेच ओट्यावर चढून त्यांनी लिहिलं : किरकोळ पडझड, वापर चालू.

ते गेल्यावर मी आईवर तुटून पडले. "आजच्या दिवस सारवलं नसतंस तर काय बिघडलं असतं?"

"आल्यागेल्याला घाणीत बसवू व्हय? आन् दिवा तर म्या रोजच लावते."

रोज! ते आढं कधी खाली येईल याचा नेम नाही, आणि ही बाई रोज तिन्हीसांजेला, मी भूमहून परतायच्या आत, एकटी त्याच्याखाली जात होती. रागानं आणि भीतीनं मला रडूच फुटलं. "मी पुन्हा अर्ज करते," म्हटलं. "ते येऊन जाईपर्यंत दिवा नको, सडा नको, काही नको."

"मग काय लिहितील त्ये?"

"घरात कुणी राहत नाही असं."

"आपण दोघी मेलो व्हय गं?" आई म्हणाली. "भरून टाक ती पट्टी." आणि शेणाची पाटी ओढून ग्रामसेवकांच्या बुटांचे ठसे सारवायला बसली.