बारा कप, एक ग्लास

ऑगस्ट १९७४. रक्कम नऊ रुपये नव्वद पैसे. हजर: प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि टिपण घेणारा मी, कॉलेजचा हिशेबनीस. आमच्या आवक कारकुनाची आठवण निघाली की मला आधी हे व्हाऊचर आठवते.

कागद हातात आला की ते रबरी शिक्क्यावर ‘हाऽ’ करून वाफ सोडत, शिक्का मारत आणि नोंदवहीत लिहिता लिहिता विषय मोठ्याने वाचत. घर विणकरांच्या वस्तीत, भिंतीपलीकडे दिवसभर माग. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, पण दोन्ही मागाच्या खडखडाटातही ऐकू जाईल अशा आवाजात. “अण्णा, हळू,” म्हटले की म्हणत, “हळूच बोलतोय की.” कोणाची बदली, कोणाचे कर्ज, सगळे फीच्या रांगेतल्या मुलांनाही कळे. कचेरीत दिवस काढलेल्यांना असा एखादा माणूस भेटलेला असेलच.

त्या महिन्यात टेंभुर्णीकडच्या एका विद्यार्थ्याचा अर्ज आला. अण्णांनी सवयीने वाचला, “विषय, कँटीनमध्ये दलित विद्यार्थ्यांना वेगळ्या ग्लासात चहा देऊन तो त्यांनाच धुवायला लावतात, याबाबत.”

रांगेतली मुले आमच्याकडे बघू लागली. कँटीनच्या खिडकीत पालथे ठेवलेले ते ग्लास आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. मीही. सात वर्षे.

प्राचार्यांनी अण्णांना आत बोलावले. मी सहीसाठी चेकबुक घेऊन तिथेच उभा होतो.

“अर्ज नोंदला?”

“नोंदला की, सर. चारशे बारा.”

“नोंद खोडा.”

“खोडतो. तसं लिहून द्या. तो कागद पण आवक करतो.”

प्राचार्य पेनाचे टोपण फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी समिती नेमली.

पहिल्या बैठकीत कँटीनवाला म्हणाला, “ग्लास न्हाईतच साहेब आमच्याकडं.” खिडकी तोवर रिकामी झाली होती.

“कालपर्यंत होते की सर,” विद्यार्थी म्हणाला.

“काल आमची समिती नव्हती,” एक प्राध्यापक म्हणाले, आणि दुसरे हसले.

दुसऱ्या बैठकीत समितीने विद्यार्थ्याला आठवण करून दिली की त्याचा फीमाफीचा फॉर्म अजून प्राचार्यांच्या सहीला आहे. फक्त आठवण करून दिली. फीमाफी नसती तर तो पोरगा महिनाअखेर गावी गेला असता.

तिसऱ्या बैठकीला अण्णांना नोंदवही घेऊन बोलावले. कपांतून चहा आला, सोबत भजी. कोणी तरी रीत म्हणून म्हणाले, “अण्णा, चहा घ्या.”

अण्णा कँटीनवाल्याला म्हणाले, “मला खिडकीतल्या ग्लासात आण.”

त्याने प्राचार्यांकडे पाहिले. तो गेला आणि ग्लास घेऊन आला. अण्णांनी उभ्याने चहा घेतला, बाहेर जाऊन नळावर ग्लास धुतला आणि भज्यांच्या बशीशेजारी पालथा ठेवला. काचेवरून पाणी ओघळून टेबलावर पसरत होते. मी टिपणात यातले काही लिहिले नाही.

चार दिवसांनी त्या विद्यार्थ्याचा दुसरा अर्ज आला. अण्णांनी वाफ सोडली, शिक्का मारला, विषय लिहिला. वाचला नाही. मी मान लांब करून पाहिले: तक्रार मागे घेत असल्याबाबत. त्याच दुपारी फॉर्मवर सही झाली.

“अण्णा, आज वाचलं नाहीत.”

“पोराचं शिक्षण हाय की,” ते म्हणाले, इतक्या हळू की मला वाकून ऐकावे लागले.

समितीने अहवाल दिला. कँटीनमध्ये ग्लास वापरात नाहीत, विद्यार्थ्याचा गैरसमज झाला. दिवाळीनंतर अण्णांना ग्रंथालयामागच्या खोलीत जुनी मासिके बांधायला बसवले. तिथे मोठ्याने वाचले तरी ऐकणारे कोणी नव्हते. दोन वर्षांनी ते तिथूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभ ठेवायचे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही. त्यांच्या जागी आलेला कारकून मनात वाचतो.

अहवालाबरोबरच कँटीनवाल्याचे बिल माझ्याकडे आले होते. माणूस हिशेबाला चोख. चहा बारा कप, एक ग्लास, प्रत्येकी तीस पैसे. भजी बारा बशा, पन्नास पैशांप्रमाणे. मी बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती. ‘चौकशी समिती, चहापाणी’ असे लिहून सही केली, अहवालाच्याच फायलीत बिल लावले आणि नऊ रुपये नव्वद पैसे कँटीनवाल्याला रोख दिले.